जुने कारखानी शिवणयंत्र पुन्हा चालते करताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

इंदूरच्या वाचकांकडून जुन्या शिवणयंत्रांविषयी इतकी पत्रे आली आहेत की या वेळची सगळी जागा त्यांनाच द्यावी असे ठरवले. घरगुती यंत्राविषयी सल्ला देणारे आसपास पुष्कळ भेटतात; पण शिंप्याच्या दुकानात किंवा कारखान्यात दिवसभर चालावे म्हणून घडवलेल्या यंत्राची सुई, त्याची मोटर, त्याचा वेग आणि त्याचे तेलपाणी या साऱ्याच गोष्टी वेगळ्या असल्यामुळे घरगुती यंत्राचा अनुभव तेथे पुरा पडत नाही. पत्रे थोडी संक्षिप्त करून दिली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांचे राजवाड्याजवळ शिंपीकामाचे दुकान होते. त्यांच्या पश्चात त्यांचे काळे, जड सिंगर यंत्र बरीच वर्षे आमच्या घरी जिन्याखाली झाकून ठेवलेले आहे. पितळी बिल्ल्यावर ‘३१ के’ अशी सुरुवात असलेला आकडा आहे आणि यंत्राचा क्रमांक इंग्रजी ‘ई’ अक्षराने सुरू होतो. चाक जागचे हलत नाही. एका कारागिराने संपूर्ण यंत्र खोलून, घासून, नवा रंग देण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने भंगारात घालायला सांगितले. वडील यंत्राला कधी मशीनचे तेल, तर कधी घरातलेच खोबरेल घालत असत. मी काय करावे? — एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : भंगाराचा विचार प्रथम मनातून काढून टाकावा, आणि संपूर्ण खोलण्याचा विचारही तूर्त बाजूला ठेवावा. ओतीव लोखंडाचा सांगाडा तडकलेला नसेल आणि हुक (सुईचा धागा पकडून खालच्या धाग्याशी गुंफणारा भाग) व सुईची दांडी खूप झिजलेली नसेल, तर या जातीचे यंत्र सहसा दुरुस्तीपलीकडे गेलेले नसते. आकड्यातील ‘के’ हे अक्षर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक येथील किलबोवी कारखान्याचे निदर्शक आहे; तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. क्रमांकाच्या आरंभी ‘ई’ आणि त्यालगत दुसरे अक्षर असेल, तर आपले यंत्र १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचे समजावे. क्रमांकांचे गट कारखान्याला आगाऊ नेमून दिले जात असल्यामुळे क्रमांकावरून निघणारे वर्ष हे त्या गटाचे असते. यंत्राची जोडणी त्याच वर्षी झाली असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही.

चाक का अडले आहे, याचे निदान हाताने करता येते. सुई काढावी, खालच्या धाग्याची बॉबिन केस बाहेर घ्यावी, प्रेसर फूट वर उचलून ठेवावा, पट्टा असेल तर तो उतरवावा, आणि मग चाक दोन्ही हातांनी धरून किंचित मागे-पुढे करून पाहावे. चाक थोडे फिरून दर वेळी एकाच जागी खटकन थांबत असेल, तर आत काहीतरी अडकले आहे. बहुतेक वेळा हुकाच्या वाटेत तुटलेल्या सुईचे टोक किंवा धाग्याचे वेटोळे निघते. दोऱ्याचा असा गुंता वर्षानुवर्षे दाबला जाऊन इतका घट्ट होतो की तो धातूचाच भाग आहे असे वाटावे. बारीक टोकदार चिमट्याने त्याचा एकेक पदर सोडवून काढावा लागतो. चाक मात्र अजिबातच हलत नसेल, किंवा हलताना सर्वत्र सारखाच जड आणि चिकट विरोध जाणवत असेल, तर दोष वाळलेल्या तेलाचा आहे. आपल्या पत्रावरून मला हे दुसरे कारण अधिक संभवते.

खोबरेल तेलाविषयी येथेच स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण माळव्यातल्या अनेक घरांत ही सवय आहे. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, आणि इंदूरच्या पौष-माघातल्या रात्री तापमान त्याच्या पुष्कळच खाली जाते. शिवाय वनस्पतिजन्य तेल कालांतराने खवट होते, त्यातून आम्ल निर्माण होऊन पितळी भागांवर हिरवट थर येतो, आणि कापसाची कणी व धूळ त्यात मिसळून बुशांच्या, म्हणजे दांडे ज्या धातूच्या नळ्यांत फिरतात त्यांच्या, आत तपकिरी रंगाचा लेप बसतो. जवसाचे तेल तर रोगणासारखे वाळते. शिवणयंत्रासाठी पातळ, स्वच्छ, रंगहीन खनिज तेलच वापरावे. गाडीच्या इंजिनाचे तेल त्यासाठी फार दाट पडते.

आता प्रत्यक्ष काम. यंत्र टेबलावरून काढून जुन्या चादरीवर ठेवावे आणि काहीही सैल करण्यापूर्वी सगळ्या बाजूंनी मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. डाव्या टोकाची पट्टी आणि वरची झाकणे काढली, तर सुईची दांडी, धागा उचलणारी दांडी आणि मुख्य दांडा उघडे पडतात. यंत्र मागे कलंडवले की खालचे दोन दांडे आणि कापड सरकवणाऱ्या दात्यांची यंत्रणा दिसते. जेथे धातूवर धातू घासतो अशा प्रत्येक जागी आणि तेलाच्या प्रत्येक छिद्रात रॉकेलचे थेंब सोडावेत. हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे आणि मोटर जोडलेली नसावी. रॉकेल सोडल्यावर चाकाशी झटापट करू नये. एक रात्र थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब सोडावेत. चैत्र-वैशाखात हे काम काढले तर इंदूरचे ऊनच आपले निम्मे काम करते : यंत्रावर जाड कापड घालून ते दुपारभर गच्चीवर ठेवले की लोखंड तापते आणि आतला चिकटा मऊ होतो. इतर ऋतूंत केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा बुशांवर धरावी. ज्योत मात्र कधीही लावू नये.

यानंतर चाक तसूभर पुढे, तसूभर मागे असे हलवत राहावे. ते जेवढे सुटेल तेवढेच घ्यावे. चाकात लोखंडी पाइप घालून जोर लावणे किंवा दांड्यांवर हातोडी मारणे यांनी यंत्राचे जे नुकसान होते ते वर्षानुवर्षांच्या गंजानेही होत नाही, कारण वाकलेला दांडा आणि तुटलेला क्रँक यांना पुढे उपाय उरत नाही. वरचा भाग अडला आहे की खालचा हे कळत नसेल, तर प्रत्येक जोडणीकडे बारकाईने पाहत चाकाला हलका ताण द्यावा. जी जोडणी ताण पोहोचूनही हलत नाही तीच अडलेली असते. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा सुईची दांडी आणि दात्यांचा आडवा दांडा याच दोन जागा सर्वांत शेवटी सुटतात.

चाक फिरू लागले म्हणजे काम झाले असे नव्हे. रॉकेल हे धुण्याचे साधन आहे, वंगण नव्हे; ते तसेच ठेवून यंत्र चालवले तर बुश कोरडेच घासतात. छिद्रांतून येणारे तपकिरी पाणी स्वच्छ होईपर्यंत रॉकेल सोडून पुसत राहावे, ते पूर्ण निथळू द्यावे, आणि मग प्रत्येक छिद्रात मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब घालून यंत्र बराच वेळ हातानेच फिरवावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल घालावे, कारण पहिले तेल उरलासुरला मळ घेऊन बाहेर येते. धाग्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या आणि पट्टा यांना तेल लागू देऊ नये. हुकाच्या वाटेत मात्र एक थेंब हवाच. आपले यंत्र झुलत्या हुकाचे असल्यामुळे तो हुक आपल्या वाटेत सतत मागे-पुढे घासत असतो आणि कोरडा पडला की खडखडाट करून लगेच तक्रार करतो.

स्क्रू काढताना दोन पथ्ये पाळावीत. पेचकसाचे पाते स्क्रूच्या खाचेत लांबीने आणि जाडीने पूर्ण बसणारे असावे. नसेल तर ते कानशीने घासून तसे करून घ्यावे. आणि या यंत्रांचे आटे उत्पादकांच्या स्वतःच्या मापाचे असल्याने सियागंजात मिळणारा मिलिमीटरच्या आट्यांचा स्क्रू दोन फेरे आत गेला तरी तो पुढे रेटू नये. त्याने सांगाड्यातले मूळ आटे कापले जातात. हरवलेला स्क्रू जुन्या, निकामी यंत्राच्या सुट्या भागांतूनच मिळवावा.

प्रश्न : मी घरी शाळेचे गणवेश आणि ब्लाउज शिवते. जुने सरळ टाक्याचे कारखानी यंत्र विकत घेऊन, स्वच्छ करून चालवायला घेतले आहे. सुती कापडावर ठीक चालते, पण टेरिकॉटवर टाके सुटतात, आणि मधूनच कापडाच्या खालच्या बाजूला धाग्याचे फासे साचतात. दुरुस्ती करणाऱ्याने हुकाचे टायमिंग बिघडले आहे असे सांगून बरेच पैसे मागितले आहेत. सुई मी माझ्या घरगुती यंत्राचीच वापरते, कारण ती त्यात बसते. — एक वाचक भगिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगळी आहेत. टायमिंगच्या, म्हणजे सुई आणि हुक यांच्या भेटीच्या वेळेच्या, स्क्रूला कोणालाही हात लावू देण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात. कारखान्यात बसवलेले टायमिंग एखाद्या धक्क्याशिवाय किंवा कोणी हात लावल्याशिवाय सहसा सरकत नाही. चुकीची सुई मात्र प्रत्येक दुसऱ्या यंत्रात सापडते.

घरगुती यंत्राच्या सुईच्या मुठीला (यंत्रात बसणाऱ्या वरच्या जाड भागाला) एका बाजूने सपाट कड असते. सरळ टाक्याच्या बहुतेक कारखानी यंत्रांची सुई गोल मुठीची असते, आणि त्यांतील सर्वांत प्रचलित असलेल्या ‘डीबी गुणिले १’ या जातीच्या मुठीची जाडी सुमारे १.६ मिलिमीटर असते. घरगुती सुईची मूठ त्याहून जाड असते. आपल्या यंत्रात ती ‘बसते’ याचे दोन अर्थ होऊ शकतात : एक तर तेथे आधीच्या मालकाने भोक मोठे केले असावे, किंवा यंत्र जाड मुठीची वेगळी सुई घेणारे असावे. दोन्ही परिस्थितींत मुठीपासून डोळ्यापर्यंतची लांबी चुकली, की हुकाचे टोक सुईपाशी तयार होणाऱ्या धाग्याच्या फाशापाशी पोहोचते तेव्हा फासा तेथे नसतोच. म्हणून बिल्ल्यावरचा आकडा सुट्या भागांच्या दुकानात दाखवून त्या यंत्राची म्हणून नेमलेली सुईच आणावी.

गोल मुठीच्या सुईला सपाट कड नसल्याने ती कोणत्या दिशेला वळवायची हे आपल्यालाच ठरवावे लागते. सुईच्या एका अंगाला मुठीपासून डोळ्यापर्यंत लांब खोबण असते आणि दुसऱ्या अंगाला डोळ्याच्या वर छोटी, खोलगट चकती कापलेली असते. लांब खोबण ज्या बाजूने धागा डोळ्यात शिरतो तिकडे आणि खोलगट भाग हुकाच्या टोकाकडे आला पाहिजे. नजरेला हे नीट दिसत नसेल, तर अंगठ्याचे नख सुईवरून हळू ओढावे. खोबण नखाला लगेच लागते. सुई वर, मुठीच्या खाचेत पूर्ण टेकेपर्यंत सारून मगच स्क्रू आवळावा. ती थोडी जरी तिरपी फिरली तरी टेरिकॉटसारख्या कापडावर टाके सुटू लागतात, कारण कृत्रिम धाग्याचे कापड सुईला धरून वर ओढते आणि फासा आधीच लहान होतो.

सुईचा आकार कापड आणि धाग्यानुसार घ्यावा. १४ क्रमांकाची सुई म्हणजेच ९०, अर्थात जाडी ०.९० मिलिमीटर, ११ म्हणजे ७५, १६ म्हणजे १००, १८ म्हणजे ११०. गणवेशाच्या टेरिकॉटला १४ पुरेशी आहे, ब्लाउजच्या पातळ कापडाला ११. धागा सुईच्या खोबणीत लपला पाहिजे; तो बाहेर डोकावत असेल तर सुई बारीक पडते आहे. आणि सुई स्वस्त आहे, तेव्हा टोक बोथट झाल्याचा संशय येताच ती बदलावी.

आता फाशांकडे वळू. कापडाच्या खालच्या बाजूला फासे दिसले म्हणजे दोष खालच्या बॉबिनचा आहे असे बहुतेकांना वाटते आणि ते बॉबिन केसचा स्क्रू फिरवू लागतात. खरे तर हे फासे वरच्या धाग्याचे असतात. वरचा धागा सैल सुटला की खालचा धागा त्याला खाली ओढून घेतो आणि त्याचे वेटोळे खाली साचते. त्यामुळे आधी वरचा धागा पूर्ण काढून, प्रेसर फूट वर उचलून, नव्याने ओवावा. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि धागा त्यांच्या मध्ये न बसता वरच राहतो. तो तसा राहिला तर टेन्शनची चकती कितीही आवळली तरी उपयोग होत नाही. चकत्यांच्या मध्ये साचलेली कणी धुतलेल्या सुती पट्टीने ओढून काढावी.

यानंतरच बॉबिन केस हातात घ्यावी. धागा धरून ती हवेत लोंबकळत ठेवली असता आपोआप खाली सरकता कामा नये. हलका झटका दिला की थोडी सरकून थांबली पाहिजे. आपोआप घसरत असेल तर तिच्या पट्टीचा स्क्रू अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याच्या एका घराएवढा, आवळावा. खालचे टेन्शन असे नक्की करून पुढे त्याला हात लावू नये आणि सगळा मेळ वरच्या टेन्शनने साधावा. दोन्ही धाग्यांची गाठ कापडाच्या जाडीत, मध्यावर आली की टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. तपासण्यासाठी दोन रंगांचे धागे वापरले तर नजरेला शंका उरत नाही.

धागा रोखणारी छोटी स्प्रिंग हा भाग अनेकदा दुर्लक्षित राहतो. सुई खाली येताना तिचा डोळा कापडापाशी पोहोचेपर्यंत या स्प्रिंगने धागा ताणून धरावा आणि त्यानंतर सोडून द्यावा. ती लवकर थांबली, तर सैल धागा सुईच्या टोकाखाली येऊन चिरला जातो. ती फार उशिरापर्यंत ओढत राहिली, तर फाशाला लागणारा धागाच शिल्लक राहत नाही. धागा मधूनच विनाकारण तुटतो अशी तक्रार असेल तेव्हा मी सर्वप्रथम या स्प्रिंगकडे पाहतो.

इतके करूनही टाके सुटत असतील तर टायमिंग पाहावे, म्हणजे फक्त पाहावे. निडल प्लेट आणि दाते काढून, हातानेच चाक फिरवत सुई अगदी तळाशी न्यावी. तेथून ती सुमारे २ ते २.५ मिलिमीटर वर आली असता हुकाचे टोक बरोबर सुईच्या मध्यावर, डोळ्याच्या वरच्या कडेपासून सुमारे १.५ मिलिमीटर वर आले पाहिजे. हुकाचे टोक आणि सुईचा खोलगट भाग यांच्यात पातळ कागद जेमतेम सरकेल एवढेच, म्हणजे सुमारे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर, अंतर असावे. अनेक जुन्या यंत्रांच्या सुईच्या दांडीवर दोन बारीक आडव्या रेघा कोरलेल्या असतात : सुई तळाशी असताना वरची रेघ दांडीच्या बुशाच्या खालच्या कडेला यावी, आणि सुई वर चढताना खालची रेघ त्याच कडेला आली की हुकाचे टोक सुईपाशी पोहोचलेले असावे. या रेघा नेमलेल्या लांबीच्या सुईसाठी आखलेल्या असतात. आपण घरगुती सुई लावून त्या पाहाल तर रेघा बरोबर दिसतील आणि टाके तरीही सुटतील.

वरची रेघ जुळत नसेल तर सुईच्या दांडीची उंची बदलणे हा पहिला इलाज. दांडीला धरणारा स्क्रू सैल करण्यापूर्वी मूळ जागेवर पेन्सिलने खूण करून ठेवावी. उंची बरोबर असून हुकच आधी किंवा मागाहून येत असेल, तर मात्र काम जाणत्या कारागिराकडे द्यावे, कारण झुलत्या हुकाच्या यंत्रात त्यासाठी खालच्या दांड्यावरचा क्रँक सरकवावा लागतो आणि तो चुकला की हुक सुईवर आदळतो. पैसे देण्यापूर्वी कारागिराला सुई आणि हुक यांची ही भेट आपल्यासमोर चाक फिरवून दाखवायला सांगावी. जो खरे काम जाणतो तो हे आनंदाने दाखवील.

दातेही जाताजाता पाहून घ्यावेत. ते सर्वांत वर असताना दातांची पूर्ण उंची, म्हणजे सुमारे १ मिलिमीटर, प्लेटच्या वर दिसावी, आणि सुईचे टोक कापडाला टेकते तेव्हा दाते प्लेटखाली गेलेले असावेत. सुई कापडात असताना दाते ओढत राहिले तर सुई वाकते, हुकाला घासते आणि हुकाच्या टोकावर ओरखडा पडतो. तसा ओरखडा असेल तर बोटाच्या टोकाने तो जाणवतो. १००० क्रमांकाच्या पॉलिश कागदाने तो गुळगुळीत करावा, पण टोक बोथट किंवा आखूड होऊ देऊ नये. निडल प्लेटच्या भोकाच्या कडाही सुईच्या माराने खरबरीत होतात. पॉलिश लावलेला जाड दोरा भोकातून ओढून त्या गुळगुळीत करता येतात.

प्रश्न : परदेशीपुऱ्यातील तयार कपड्यांच्या एका कारखान्याने काढून टाकलेले जुने यंत्र मी घेतले आहे. सोबत अर्ध्या अश्वशक्तीची क्लच मोटर आहे. पायडल जरा दाबले तरी यंत्र धावतच सुटते आणि माझ्या पत्नीला त्यावर शिवायची भीती वाटते. मोटर बदलावी का? — एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : भीती रास्त आहे. क्लच मोटर वीज सुरू असेपर्यंत पूर्ण वेगानेच फिरत असते, आणि पायडल केवळ तिचा क्लच यंत्राशी जोडते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर अशा मोटरी मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेतात. यंत्राचा वेग मोटरच्या आणि यंत्राच्या पुलींच्या प्रमाणावर ठरतो : मोटरची पुली १०० मिलिमीटर व्यासाची आणि चाकाची खाचही तेवढ्याच व्यासाची असेल तर यंत्रही २८०० टाके घालणार, मोटरला ४५ मिलिमीटरची पुली लावली तर तेच यंत्र सुमारे १२६० वर येईल. पुली लहान केल्याने वेग घटतो आणि त्याच प्रमाणात जाड कापड भेदण्याचा जोरही वाढतो. हा अगदी कमी खर्चाचा उपाय आहे आणि जुन्या यंत्रासाठी तो मी आवर्जून सुचवतो, कारण आजची कारखानी यंत्रे पंपाने तेल फिरवून मिनिटाला चार-पाच हजार टाके घालतात, तर आपल्या यंत्राच्या बुशांना मिळते ते केवळ हाताने सोडलेले थेंबभर तेल.

तरीही शिकणाऱ्याला किंवा घरकामाला सर्व्हो मोटरच बरी. ती पायडल दाबल्यावरच फिरते, तिचा कमाल वेग आधी ठरवून ठेवता येतो, यंत्र थांबलेले असताना ती आवाज करीत नाही आणि वीजही जवळजवळ खात नाही. सुरुवातीला तिचा वेग अगदी कमी ठेवून एकेक टाका मोजता येईल असे चालवावे, आणि हात बसला की वाढवावा.

मोटर कोणतीही असो, पहिल्यांदा पट्टा न चढवता ती कोणत्या दिशेला फिरते ते पाहावे. यंत्राची योग्य दिशा ठरवण्याची सोपी रीत अशी की धागा न ओवता चाक हाताने फिरवावे आणि प्लेटच्या वर आलेले दाते कोणीकडे सरकतात ते पाहावे. ते शिवणाऱ्यापासून दूर सरकत असतील तर ती दिशा बरोबर. मोटर उलटी फिरत असेल तर कारागिराकडून वायरिंग बदलून घ्यावे. पट्टा बोटाने मध्यावर दाबला असता दीड-दोन सेंटिमीटर आत जावा. त्याहून ताठ पट्टा बुश झिजवतो. मोटरला आणि लोखंडी स्टँडला अर्थिंग असलेच पाहिजे, आणि पट्ट्यावर जाळी असलीच पाहिजे. साडीचा पदर किंवा ओढणी पट्ट्यात जाणे ही कल्पनेतली गोष्ट नाही. क्लच मोटर बंद केल्यावरही तिचे जड चाक काही वेळ फिरत राहते, म्हणून सुई बदलताना किंवा ओवताना वीज बंद करून चाक थांबेपर्यंत वाट पाहावी, ही सवय घरात सर्वांना लावावी.

प्रश्न : जुन्या काळ्या यंत्रावरची सोनेरी नक्षी पुसट झाली आहे. थिनरने मळ काढून वर नवा काळा रंग व नवी नक्षी लावावी का? — एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : थिनर आणि स्पिरिट मुळीच लावू नये. या यंत्रांचा काळा थर भट्टीत भाजून पक्का केलेला असला तरी नक्षीवरचे पारदर्शक रोगण बहुधा लाखेचे असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एका फटकाऱ्यात सोने कापडावर येते आणि खाली करडा डाग राहतो. अमोनिया असलेली काच पुसायची द्रव्येही तितकीच घातक. मशीनचेच तेल मऊ सुती कापडावर घेऊन, एका वेळी चार बोटांएवढ्या जागेवर हळुवार फिरवावे आणि कापड तपकिरी झाले की बदलावे. कापडावर पिवळसर चमक दिसू लागली तर तेथेच थांबावे. चाकाच्या कडेसारख्या उघड्या, मुलामा नसलेल्या लोखंडावरचा गंज अगदी बारीक स्टील वुल तेलात भिजवून काढता येतो. निकेलचा मुलामा असलेल्या भागांवर ते वापरू नये.

नवा रंग देण्याच्या मी विरुद्ध आहे. यंत्र चालवणाऱ्या कारागिराचा हात वर्षानुवर्षे जेथे टेकत होता तेथे नक्षी पुसट झालेली असते, आणि नव्या रंगाखाली ते सारे कायमचे जाते. शिवाय रंग देण्यासाठी घासताना उडालेली बारीक पूड तेलाच्या छिद्रांतून बुशांत शिरते आणि चालते यंत्र झिजू लागते. रंग उडालेल्या जागी गंज धरू नये यासाठी तेलाचा पातळ हात पुरेसा आहे. पावसाळ्यापूर्वी तो सगळ्या यंत्रावर द्यावा, हुकाच्या वाटेतही एक थेंब सोडावा, आणि यंत्र प्लास्टिकने न झाकता सुती कापडाने झाकावे, कारण प्लास्टिकखाली ओल कोंडून राहते.